फक्त विचार कर

दादाने मोरीचं दार तोडलं तेव्हा आत मी होते. अंगाला साबण, डोळ्यांत साबण, आणि धाडकन कडी उखडून माझ्या पायाशी पडली. फळीतून आधी त्याची मूठ आत आली, मग तो. मला बघून थबकला. "किती वेळ लावतेस गं?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी हातातला तांब्या त्याच्या पाठीत फेकून मारला. चांगला बसला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

आई धावत आली, माझ्या अंगावर टॉवेल टाकला, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "जुनंच झालं होतं ते."

आमच्या घराची ही पद्धत. दादा जे मोडतो ते आधीपासूनच जुनं झालेलं असतं. खुर्ची जुनी होती, मिक्सरचं भांडं जुनं होतं, आरसा तर काय, आजोबांच्या वेळचा. बाबांची करंगळी मात्र जुनी म्हणता येईना, म्हणून ती बसच्या दारात सापडली असं ठरलं. बाबा बस चालवतात. एकदा त्यांनी दादाला विचारलं, "तू नक्की काय टोचून घेतोस?" दादाने त्यांचा हात हातात घेतला आणि करंगळी मागे दुमडली, सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघत. मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. मग त्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं, आणि परत येताना रिक्षात हमसून हमसून रडला. त्यानंतर बाबांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

असा नव्हता हो तो. लहानपणी शाळेत मला कुणी मारलं की हा त्या पोराकडे जायचा आणि विचारायचा, "का मारलंस?" आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यायचा! मला त्याचा इतका संताप यायचा. वाटायचं, विचारतोस काय बावळटासारखा, ठोक ना. राग माझ्या नाकावर असायचा, त्याच्या नाही.

आम्ही दोघं वेटलिफ्टिंग करतो. तो वरच्या वजनगटात, मी मधल्या. आमचा हॉल म्हणजे टायरच्या गोदामाचा वरचा मजला. खाली दिवसभर टायर उतरवतात, वर आम्ही लोखंड उचलतो, आणि मधल्या लोखंडी जिन्यावर दोन्हीकडची काळी धूळ बसते. हॉलमध्ये त्या औषधाला 'खुराक' म्हणतात. स्टेरॉइड हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, तो पेपरवाल्यांचा. "त्याचा खुराक चालू आहे" म्हटलं की काय ते समजायचं. दादाचा खुराक चालू होता. पाठीवर लाल पुळ्यांची शेती झाली होती, कपाळावरचे केस मागे हटले होते, आणि छाती भरता भरता भलतीकडेच निघाली होती. दोन्ही बाजूंना मऊ गोळे आले होते. तो गंजीफ्रॉकच्या आत पट्टा आवळून बांधायचा. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, कारण त्याचं वजन वाढत होतं. अंगाचं नाही, बारवरचं. आमच्याकडे वजन म्हणजे तेच.

सरांनाही कळत असणार. सरांचा डावा कोपर सरळ होत नाही. तरुणपणी डोक्यावरून मागे चाललेला बार त्यांनी वाचवायला बघितला, सोडला नाही, आणि हात गेला. म्हणून हॉलमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्यांदा उचलायला नाही, सोडायला शिकवतात. हातात नुसती लाकडी काठी द्यायची, ती डोक्यावर धरायला लावायची, आणि कधीही, बोलता बोलता, दुसरीकडे बघत, पोटातून ओरडायचं: "सोड!" त्या क्षणी बोटं उघडली नाहीत की पेरांवर पट्टी. बोटं उघडायची आणि एक पाऊल मागे. "विचार करायचा नाही," सर म्हणायचे. "विचार करेपर्यंत कोपर मोडतो." माझी पेरं पहिला महिनाभर सुजलेली असायची. नंतर असं झालं की घरी आई कुणाला काही सोड म्हणाली तरी माझ्या हातातली वाटी खाली पडायची. दादाच्याही. आई वैतागायची, आम्ही हसायचो.

आणि पोपट. आमच्यातला सगळ्यात हलका लिफ्टर, सगळ्यात लांब जिभेचा. वजनाला हात लावण्याआधी तो बारशी बोलायचा. "चल गं म्हशे, उठ, सासरी जायचंय." मला म्हणायचा, "बाईसाहेब, माझ्याशी लग्न करा. उंबरठ्यावरून मला उचलून आत न्या, बाकी माझी काही अट नाही." मी त्याला शिव्या द्यायचे. आवडायचा मला तो. पण मला जिंकायचंही होतं, आणि दोन्ही एकदम होईल असं मला कधी वाटलं नाही.

निवड चाचणी जवळ आली होती. माझ्या गटात एकच जागा, आणि मध्ये पलीकडच्या हॉलमधली वेणीवाली. वर्षभरापूर्वी ती माझ्या मागे होती. आता मी जे वजन गुडघ्यापर्यंत आणून आपटत होते, ते ती डोक्यावर धरून हसत होती. फोनवर तिचा आवाज ऐकला तर वाटायचं तिचे वडीलच बोलतायत. मला त्या आवाजाचाही हेवा वाटला. खरंच सांगते, वाटला.

कंपाउंडर मला जिन्याच्या खाली भेटला. हा कधीकाळी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथून हाकलला गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. बोलणं लोण्याहून मऊ.

"घे असं मी म्हणतच नाहीये," तो म्हणाला. "फक्त विचार कर. तुझ्या वयाच्या पोरी विचार करायलाच घाबरतात, आणि तिथेच हरतात."

"आणि माझी दाढी कोण करणार? तुम्ही?"

"थोड्या दिवसांत तसलं काही होत नाही गं. आणि झालंच तर बंद करायचं." त्याने माझ्या हातात काचेची एक छोटी कुपी ठेवली. आत पिवळसर तेल. "घरी ने. ठेव. बघ. विचार केला म्हणजे घेतलं असं थोडंच आहे?"

मी ती मोज्यात गुंडाळली आणि लिफ्टिंगच्या बुटात खुपसली. आठवडाभर ती माझ्या बॅगेत होती आणि आठवडाभर मी गुडघ्यापर्यंतच येत होते. दादाने काय केलं ते मी बघत नव्हते असं नाही. दाराला आईने पडदा लावला होता, बाबा वाकडी करंगळी घेऊन स्टिअरिंग फिरवत होते, मी सगळं बघत होते. पण मनात मी स्वतःला सांगायचे, तो मुळात दुबळ्या डोक्याचा, त्याला झेपलं नाही. मला झेपेल. मी आधीपासूनच रागीट आहे, माझं अजून काय बिघडणार?

शेवटी मी दादाला सांगितलं, "मी तयार आहे."

तो इतका खूश झाला की मला कसंतरीच झालं. कितीतरी महिन्यांनी त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पहिलं मी देतो. तुला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "आता आपण दोघं, छोटे. घरात निदान एकाला तरी कळेल मला काय होतं ते." ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारी, सराव संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत.

ती खोली म्हणजे जिन्याच्या वरच्या टोकाला पत्र्याचा आडोसा. एक बाक, खिळ्यांना अडकवलेले कपडे, घामाचा आणि मलमाचा वास. सर बँकेत गेले होते. दादाने स्वतःच्याच कुपीतून सिरिंज भरली, मी बाकावर पालथी झाले आणि दात आवळले. तेवढ्यात पोपट आत आला, टॉवेल विसरला होता म्हणे. मला बघितलं, दादाच्या हाताकडे बघितलं. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, टॉवेल न घेता तिथेच थांबला.

मग म्हणाला, "तिला नको."

"तू निघ," दादा म्हणाला.

"बाईसाहेब, उठा तुम्ही. ऐका माझं." आणि दादाला, "अरे तुझं वाटोळं झालं ते झालं, हिला कशाला ओढतोस? आरशात बघतोस का स्वतःकडे? की तोही फोडलास?"

"पोपट्या, निघ म्हणतोय."

आणि मग पोपटाने ते केलं. दादाचा टी-शर्ट खालून धरला आणि वर गळ्यापर्यंत ओढला. पट्टा सरकला. ते गोळे दोन्हीकडून बाहेर आले. "हे बघा!" तो माझ्याकडे बघून ओरडला, "हे हवंय तुम्हाला?"

दादा खाली स्वतःच्या छातीकडे बघत होता. मग त्याने पोपटाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. पत्रा वाजला तेव्हा हॉलमधली सगळी पोरं थांबली असणार, पण आलं कुणीच नाही. दादाच्या वाटेला जायचं नाही हे सगळे शिकले होते. पोपटाच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो लाथा झाडत होता. मी दादाच्या पाठीवर चढले, त्याचा गळा आवळला, कान चावला. खरोखर चावला, तोंडात रक्ताची चव आली. त्याने कोपर मागे मारला आणि माझा पुढचा दात अर्धा तुटून जिभेवर आला. मी बाकावर पडले. बाक मोडला.

मी उठेपर्यंत दोघं बाहेर जिन्याच्या कठड्याशी होते. पोपट दादाच्या तोंडावर थुंकला, रक्तासकट. दादाने एका हाताने त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने पँटचा पट्टा, आणि त्याला उचललं. आधी छातीवर, मग एक झटका, मग डोक्यावर. आणि कठड्याच्या बाहेर धरलं. खाली गोदामाचं सिमेंटचं अंगण, त्यात जुन्या चाकांच्या लोखंडी कड्यांचा ढीग.

मला सांगायला लाज वाटते, पण मी ते बघितलं: दोन्ही कोपर सरळ, पाय घट्ट, पाठ ताठ. बार छातीवरून डोक्यावर नेणारा इतका स्वच्छ जर्क त्याने आयुष्यात मारला नव्हता. दादाला पोपटाचं वजन म्हणजे काहीच नव्हतं. तो त्याला तसाच धरून उभा राहू शकला असता, डोकं थंड होईपर्यंत, सर येईपर्यंत. पोपट वर आडवा, हात पसरून, तोंडाने "अरे, अरे, अरे" एवढंच करत होता.

मी ओरडले. मला म्हणायचं होतं, सोड रे त्याला, जाऊ दे, खाली ठेव. रस्त्यात दोघं भांडत असले की कुणीही म्हणतं तेच. पण तोंडात तुटका दात होता, छातीत दम नव्हता, आणि जे बाहेर पडलं ते पोटातून आलं, एकच शब्द, सरांच्या आवाजात.

"सोड!"

दादाची बोटं उघडली. दहाच्या दहा, एकदम. आणि तो एक पाऊल मागे आला.

पोपट पडताना ओरडला नाही. खाली कड्या खणखणल्या, त्यातली एक घरंगळत दूर जाऊन आडवी पडली. मी कशी खाली उतरले मला आठवत नाही. तो उताणा होता, डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईसाहेब, माझे बूट कुणी काढले हो?"

बूट त्याच्या पायातच होते.

वर बघितलं तर दादा कठड्याशी उभा होता, हात अजून उघडे, तळव्यांवर चॉकची पांढरी पूड. पोलीस आले तेव्हाही तो तसाच होता. त्याला धरायला चौघं आले होते, एकही पुरला असता.

चौकीवर इन्स्पेक्टरने मला विचारलं, "तुम्ही मध्ये पडलात ना? काय म्हणालात त्याला?"

"सोड म्हणाले."

"मग?"

"मग सोडलं."

मी त्याची चेष्टा करतेय की तुटक्या दातामुळे मला नीट बोलता येत नाहीये, हे इन्स्पेक्टरला कळेना. मी समजावायला गेले, बार, कोपर, पट्टी. माझं मलाच ते वेडगळ वाटायला लागलं. जो कधी आमच्या हॉलमध्ये आला नाही त्याला हे कसं पटवायचं? हे फक्त आमच्यातच होऊ शकतं.

दादाला भेटायला आई-बाबांबरोबर गेले. तो गजांपलीकडे जमिनीवर बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, अगदी हळू, लहानपणी म्हणायचा तसं, "तूच म्हणालीस ना, सोड?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तू फेकणारच होतास त्याला," मी म्हणाले.

"नव्हतो."

"होतास. तोंड बघितलंय मी तुझं."

"मी नुसतं दाखवत होतो. उतरवणार होतो मी, छोटे, आईशप्पथ उतरवणार होतो!" आणि त्याने कपाळ गजावर आपटलं. परत. परत. शिपाई आत धावले, त्याला पाडून त्याच्या पाठीवर बसले, तरी तो फरशीवर डोकं आपटत होता आणि "उतरवणार होतो" म्हणत होता. आई गज धरून किंचाळत होती. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. तो खरं बोलत होता का? मला माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

हॉल चालू राहिला. सर आता ओरडत नाहीत, टाळी वाजवतात. मी दातावर टोपी बसवून घेतली आणि तिसऱ्या दिवसापासून परत बारसमोर उभी राहिले. लोक म्हणाले, काय काळजाची आहे पोरगी. म्हणेनात का. घरी बसून मी काय करणार होते, पडदा बघत बसणार होते? गुडघ्यापर्यंत यायचं आणि सुटायचं. रोज.

पोपटाला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलच्या बसस्टॉपवर कंपाउंडर उभा होता. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण चाचणी काही थांबत नाही. कुपी आहे ना तुझ्याकडे? दादा नाही तर मी देईन."

मी बॅग फिरवून त्याच्या तोंडावर मारली. आत बूट होते, लाकडी टाचेचे. तो खाली बसला, ओठ फाटला होता, मी अजून एक हाणली, कानशिलावर. बसची वाट बघणारी माणसं मागे सरकली. तो रक्ताळलेल्या दातांनी हसला. "बघ की," तो म्हणाला, "एवढ्यातच एवढी ताकद. अजून कितीतरी वाढेल."

ज्या बुटांनी त्याला मारलं त्यांतल्याच एकात ती कुपी होती. मोज्यात होती म्हणून फुटली नाही. मी ती काढून गटारात टाकायला हवी होती. बुटावरून हात फिरवून मी चाचपलं, शाबूत आहे की नाही ते. शाबूत आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. मग मी पोपटाला भेटायला वर गेले.

लांबलचक वॉर्ड, दोन्हीकडे लोखंडी खाटा. पोपटाची खाट खिडकीजवळ. कमरेखाली चादर सपाट, पाय आतल्या आत सुकत चालले होते. वर मात्र तोच, दंड तसेच टणक. खाटेवर एक साखळी टांगली होती, तिला धरून तो स्वतःला बसतं करायचा.

"या बाईसाहेब," तो म्हणाला. "खुर्ची घ्या. मी उठलो असतो, पण आज कंटाळा आलाय."

मी हसले नाही. "माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"झालं ते झालं. एक काम कराल का माझं?" त्याने आवाज खाली आणला. "तो व्यायाम करून घेणारा येतो ना, तो म्हणतो पायांचे स्नायू झिजून जाणार. तुमच्या त्या खुराकाने स्नायू भरतात. भरतात ना? मग मला द्या. पायातच टोचा. मला कळणारसुद्धा नाही."

"वेडा झालास का? असं नसतं ते. मणका गेलाय तुझा."

"तुम्ही डॉक्टर आहात? बघू तर. मी तयार आहे. इथे पडून पडून फार विचार केलाय मी." त्याचे डोळे भरून आले होते. "एवढी तरी भरपाई करा माझी. आहे का तुमच्याकडे?"

जो एकटा माणूस नको म्हणाला होता, तोच आता मागत होता. आणि मी नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी बॅग उघडली. बूट काढला, मोजा काढला, कुपी त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती उजेडात धरली. तेल इकडून तिकडे हललं. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं.

"म्हणजे अजून आहे," तो म्हणाला. "फेकली नाहीस."

पहिल्यांदाच तो मला एकेरीत बोलला, थट्टा सोडून. मला कळलं की त्याने मला बनवलं. आयुष्यभर सगळ्यांना बनवत आला, तसंच.

"का ठेवलीस?" त्याने विचारलं.

"कारण मला जिंकायचंय."

"अजूनही?"

"अजूनही," मी म्हणाले. खोटं काय बोलायचं? "रोज विचार करते. इथे येतानाही केला."

त्याने मान हलवली, माझं बरोबर आहे अशा थाटात. मग डाव्या हाताने माझा उजवा हात धरला. मला वाटलं, जवळ घेतोय. त्याने कुपी खाटेच्या लोखंडावर फोडली, माझा तळवा उलटा केला आणि फुटकी काच अंगठ्याच्या मुळाशी खुपसून आडवी ओढली.

बार धरताना आम्ही अंगठा आत घेतो आणि वरून बोटांनी आवळतो. सगळं वजन त्या अंगठ्यावर. हे त्याला माहीत होतं. तो हळू ओढत होता, अंगठा हलवणारी कंडरा तुटेपर्यंत. मी हात हिसकून घेऊ शकत होते. पलंगाला खिळलेल्या माणसाच्या हातून हात सोडवायला मला काय लागलं असतं? मी घेतला नाही. दात आवळून बघत राहिले. चादरीवर रक्त आणि ते तेल एकत्र पसरलं. अंगठा आपोआप बाहेर लोंबला, माझा असून माझा नसल्यासारखा.

"आता घे," तो म्हणाला. "हवं तेवढं घे."

मला आधी हायसं वाटलं. सुटले मी, असं अगदी स्पष्ट मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच हाताने, रक्ताने भिजलेल्या, पोपटाच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तो हात वर करेना, साखळीला धरून बसून राहिला आणि मार खात राहिला. त्याचं तोंड माझ्या रक्ताने भरलं. मी मारतेय आणि रडतेय, तोही रडतोय, आणि मी ओरडतेय, "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं?"

सिस्टर धावत आली, तिने मला मागून धरलं. तरी माझा हात चालूच होता.